बोटभर यक्को

"आम्ही चार दिवस कोचीला चाललोय," आईने फोनवर सांगितलं, तर बाबा म्हणाले, "केरळात? अगं मग तिथून साताऱ्याला येऊनच जा की." जपानातही एक कोची आहे, शिकोकू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, हे त्यांच्या गळी उतरवायला पाच मिनिटं गेली. तिथे झाडाच्या मुळातून वर येणारं बोटभर उंचीचं फूल बघायला जातोय, हे सांगायला आणखी पाच.

"म्हणजे बांडगूळच की. आपल्या परसातल्या आंब्यावर हवी तेवढी आहेत."

आईने फोन माझ्या हातात दिला. ती चिडली की असंच करते.

ती साताऱ्याच्या शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाली, आणि आता दोन महिन्यांसाठी माझ्याकडे ओसाकाला आली आहे. फुजी, क्योतोची देवळं, डिस्ने अशी यादी मी करून ठेवली होती. तिने ती शांतपणे वाचली आणि खाली स्वतःच्या अक्षरात एकच शब्द लिहिला, 'यक्को-सो'. कुठल्याशा मासिकात तिने बऱ्याच वर्षांपूर्वी त्याबद्दल वाचलं होतं. मी जपानात सहा वर्षं राहतेय आणि हे नावही ऐकलं नव्हतं. शोधलं तेव्हा कळलं की ते फुलतं ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरभर, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला मला सुट्टीला जोडून रजा मिळत होती. तिच्यासाठी चांगल्या पकडीचे नवीन बूट घेतले आणि निघालो.

शुक्रवार

शिनकानसेनने ओकायामा, तिथून 'नानपू' एक्स्प्रेस. ही गाडी सेतोच्या समुद्रावरच्या पुलावरून शिकोकूत शिरते. 1988 साली हा पूल झाला, त्याआधी आगगाडीचे प्रवासी बोटीने पलीकडे जात. खाली लहानलहान बेटं आणि मासेमारीच्या होड्या. आईने खिडकीतून नजर काढली नाही. मी मात्र शेजारच्या आजोबांकडे बघत होते, कारण आईने दिवाळीतल्या उरलेल्या चकल्या काढल्या होत्या, आणि जपानी डब्यातल्या शांततेत चकली मोडल्याचा आवाज किती मोठा होतो ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. ओबोकेच्या घळीपाशी त्या आजोबांनाच आम्ही एक चकली दिली. त्यांनी ती दोन्ही हातांत घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिली, मग खाल्ली, मग आणखी एक मागितली.

कोचीत उतरलो ते संध्याकाळी. कोची म्हणजे कात्सुओ मासा, गवताच्या जाळावर वरून शेकलेला आणि आतून कच्चा. गावभर त्याचाच वास. आई शाकाहारी. साध्या नूडल्सच्या पाण्यातही याच माशाचा वाळवलेला कीस असतो, हे मी तिला आल्यापासून सांगितलेलं नाही आणि इथेही नको सांगायला. भात, टोफू, भाजलेलं वांगं आणि उरलेल्या चकल्या यांवर ती झोपली.

शनिवार

सकाळपासून पाऊस. गोदाइसान नावाच्या टेकडीवर वनस्पतिशास्त्रज्ञ तोमितारो माकिनो यांच्या नावाची बाग आहे, तिथे गेलो. आमच्या फुलाला शास्त्रीय नाव याच माणसाने दिलं, म्हणून आधी त्यांना नमस्कार करायचा, असं आईचं म्हणणं.

माकिनो जन्मले 1862 मध्ये, कोचीजवळच्या साकावा गावात. घरचा धंदा साके गाळण्याचा. प्राथमिक शाळाही त्यांनी पुरी केली नाही. झाडं मात्र अशी पाहिली की पुढे तोक्योच्या विद्यापीठात काम केलं, दीड हजारांहून जास्त वनस्पतींना नावं दिली आणि 1957 पर्यंत, म्हणजे चौऱ्याण्णव वर्षं जगले. त्यांच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षी, 1958 मध्ये, ही बाग उघडली. 2023 साली त्यांच्या आयुष्यावर बेतलेली रोजची मालिका टीव्हीवर आली, तेव्हापासून इथे गर्दी असते. पाऊस असूनही आज होती.

बायको सुएको गेली तेव्हा त्यांनी एका बांबूला तिचं नाव दिलं. त्या बांबूच्या पाटीपाशी आई बराच वेळ उभी राहिली. "कर्ज करून पुस्तकं घेणारा नवरा," ती म्हणाली. "तिने कसं निभावलं असेल ते बांबूलाच ठाऊक." माकिनोंबद्दल इतकं आदराने बोलत असताना हे मध्येच आलं. मी तरी ते विसरणार नाही.

यक्को-सोची गोष्ट अशी. कोची प्रांतातल्या यामामोतो नावाच्या एका शिक्षकाला शिई वृक्षाच्या बुंध्याशी ही पांढरी फुलं सापडली. नमुने माकिनोंपर्यंत पोचले. त्यांनी 1909 मध्ये वर्णन छापलं आणि ही नुसती नवी जात नाही तर नवी प्रजातीच, म्हणजे जातींचा वेगळा गटच, आहे असं ठरवून नाव दिलं 'मित्रास्तेमोन यामामोतोइ'. मित्रा म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूंची उंच टोपी, स्तेमोन म्हणजे पुंकेसर. आपल्या 'मित्र' शब्दाशी काही संबंध नाही, पण आईला तो योगायोग आवडला. यामामोतो शिक्षक होते हे तर तिला फारच आवडलं. "बघ, शाळामास्तरच," ती दोनदा म्हणाली.

आणि यक्को? एदो काळात सरदारांच्या मिरवणुकीत पुढे चालणारे, रुंद बाह्यांचे अंगरखे घातलेले हुजरे, ते यक्को. जपानी पतंगांमध्ये हात पसरलेल्या माणसाच्या आकाराचा पतंग असतो, तोही यक्कोच. फुलाच्या खालच्या खवल्यांची वरची जोडी दोन्ही बाजूंना अशीच पसरते. दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्याला हुजऱ्याचं नाव देणं मला उलटंच वाटलं. हुजरा राबतो, हा बसून खातो.

दुपारी बागेतल्या बाकावर छत्री धरून बसलो होतो, तेव्हा बाबांचं बांडगूळ पुन्हा निघालं. आई वर्गात बोलते तशी बोलायला लागली.

"बांडगुळाला हिरवी पानं असतात की नाही? मग ते स्वयंपाक स्वतः करतं. आंब्याकडून घेतं ते पाणी आणि क्षार. भाडेकरू म्हण हवं तर, नळ घरमालकाचा. चंदनही तसंच, मुळांनी शेजाऱ्यांच्या मुळांना चिकटतं, पण चंदनाला कोणी बांडगूळ म्हणत नाही. अमरवेल आली की गोष्ट वेगळी, ती शिजवलेलं अन्नच ओढते. पण अमरवेल निदान बाहेर दिसते. पिवळे दोरे दिसतात, तोडून टाकता येतात. हा यक्को घराच्या भिंतीत राहतो. वर्षभर बाहेर काहीच नाही. ना खोड, ना पान, ना मूळ. नुसते पेशींचे धागे, झाडाच्या मुळाच्या आत, बुरशीसारखे पसरलेले. फुलायचं असलं की तेवढं बाहेर येतो."

"म्हणजे फूल हेच झाड?"

"फूल हे झाडाचं तोंड. बाकीचं झाड दुसऱ्या झाडाच्या आत. ते कुठे संपतं आणि शिई कुठे सुरू होते, हे कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय कोण सांगणार?"

नंतर तिला कास आठवलं. सप्टेंबरात कासच्या पठारावर गवतात गुलाबी, मान झुकवलेली फुलं दिसतात, एजिनेशिया इंडिका. गवताच्या मुळांवर जगतात. तीच जात जपानातही आहे आणि तिला इथे 'परदेशी चिलीम' अशा अर्थाचं नाव आहे. जुन्या जपानी कवितेतलं, मान खाली घालून विचारात बुडालेलं गवत ते हेच, असं मानतात. "कासला आम्ही मुलांना न्यायचो," आई म्हणाली, "तर मुलं विचारायची, बाई, याची पानं कोणी खाल्ली?"

रविवार

कोचीचा रविवारचा बाजार तीनशेहून जास्त वर्षं भरतो आहे. किल्ल्यापासून निघून किलोमीटरभर रस्त्याच्या कडेने मांडव. युझू नावाची लिंबं, आलं, विळे, रोपं, लोणची. आल्याच्या गड्ड्यांसमोर आईचं साताऱ्याचं रक्त जागं झालं. कोची हा जपानातला आल्याचा मोठा प्रांत आहे. तिने एक गड्डा उचलला, नखाने साल किंचित खरवडली, वास घेतला. "पाणीदार आहे. आपलं जास्त तिखट." मी याचं भाषांतर केलं नाही. रताळ्याची भजी मात्र तिने दोनदा घेतली, गरम आणि थोडी गोड पिठातली. आल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवली म्हणायला हरकत नाही.

पर्सिमोनच्या टोपल्या लागल्या होत्या, नारिंगी, टोमॅटोसारख्या. तिथे मला बढाई मारायची संधी मिळाली, कारण आदल्या रात्री मी वाचलं होतं. यक्को-सोला पूर्वी राफ्लेशियाच्या कुटुंबात टाकलं होतं. राफ्लेशिया म्हणजे सुमात्रा-बोर्निओकडचं ते मीटरभर रुंदीचं, कुजक्या मांसाचा वास येणारं फूल. तेही द्राक्षकुळातल्या एका वेलीच्या आत धाग्यांसारखं राहतं, म्हणून दोघं भाऊ समजले गेले. 2004 मध्ये डीएनए तपासलं तर दोघांचं दूरचंही घरोब्याचं नातं नाही. राफ्लेशिया निघाला एका गोत्रातला आणि यक्को दुसऱ्या, ज्यात चहा आहे, आपली बकुळ आहे आणि हे पर्सिमोन आहे. दुसऱ्याच्या आत शिरून बाकी सगळं अंग टाकून द्यायचं, हा मार्ग दोघांनी वेगवेगळा शोधलेला.

"बकुळ?" आई थांबली. "बकुळीचा भाऊबंद?"

"लांबचा."

"लांबचा का असेना." तिने दोन पर्सिमोन घेतले.

नाहारीपर्यंत समुद्रकाठाने आगगाडी, पुढे बस. मुरोतोचं भूशिर हे जपानच्या नकाशातलं एक टोक, इथला किनारा भूकंपागणिक वर उचलला जातो. थर उभे राहिलेले खडक पाहताना सह्याद्रीचे आडवे बेसाल्ट थर पाहिलेल्या डोळ्यांना चुकल्यासारखं होतं. किनाऱ्यावर अको नावाची झाडं आहेत, वडा-उंबराच्या प्रजातीतली, खडकांना मुळांनी कवटाळून बसलेली. आई सरळ जाऊन एका मुळावर हात ठेवून उभी राहिली, गावाकडचं माणूस भेटावं तशी. कुकाई या बौद्ध संन्याशाने ज्या गुहेत बसून तप केलं म्हणतात, तीही इथेच. गुहेच्या तोंडातून फक्त आकाश आणि समुद्र दिसतो. कुकाई म्हणजे 'आकाश-समुद्र'. तिथे आम्ही जेमतेम दहा मिनिटं थांबलो, कारण उजेड होता तोवर फूल शोधायचं होतं.

मुरोतोच्या डोंगरावरच्या एका देवळामागे शिईची जुनी झाडी आहे. देवळाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कारण पुढे येईल.

चढून गेलो तेव्हा साडेतीन वाजले होते. शिई हे सदाहरित झाड, ओक आणि चेस्टनटच्या कुटुंबातलं. पानांची खालची बाजू सोनेरी-तपकिरी असते, त्यामुळे वारा आला की सगळं रान रंग बदलतं. जमिनीवर टोकदार लहान बोंडांचा खच पडला होता. लोक ही बोंडं भाजून खातात. आम्ही वाकून वाकून मुळं पाहिली. बोंडं, पानं, कुजक्या फांद्या, एक पांढरी अळिंबी जिला मी ओरडून यक्को ठरवलं, आणि आईने भिंग लावून "छत्री आहे गं ही, शाळेत काय शिकलीस" म्हणून निकालात काढलं. पाच वाजता अंधार पडला. नोव्हेंबरात इथे सूर्य लवकर जातो, हे मी हिशोबात घेतलंच नव्हतं. टॉर्चच्या उजेडात पायऱ्या उतरताना दोघीही बोललो नाही. मुक्कामी पोचल्यावर आई म्हणाली, "बांडगूळ बरं, वर बघितलं की दिसतं."

सोमवार

सात वाजता पुन्हा वर. देवळाच्या अंगणात ऐंशीच्या घरातल्या एक आजी खराट्याने पानं लोटत होत्या. मी यक्को-सोबद्दल विचारलं. त्यांनी आधी आमचे चेहरे पाहिले नाहीत, बूट पाहिले. मग खराटा भिंतीला टेकवून चालायला लागल्या. काल आम्ही जिथे तासभर फिरलो होतो त्याच वाटेने गेलो, आणि एका बुंध्यापासून चार पावलांवर त्या एकदम वळल्या.

"फुमानाइदे!" म्हणजे तुडवू नका.

आईचा पाय हवेतच थांबला. तिच्या बुटाच्या टोकापासून चार बोटांवर, पाचोळ्यातून, पांढरी टोकं वर आली होती.

आजींनी दोन बोटांनी पाचोळा थोडा सरकवला. खाली शिईचं मूळ जमिनीला समांतर पळत होतं, आणि त्याच्या रेषेवर ओळीने यक्को उभे होते. बुद्धिबळातली प्यादी जशी. मी मोजले, त्या एका मुळावर 27. सगळ्यात मोठा माझ्या तर्जनीएवढा. रंग दुधी, किंचित पिवळसर, जणू मेणाचे. आईने प्लास्टिकची पिशवी अंथरली, गुडघे दुखत असूनही त्यावर टेकली, आणि पर्समधून शाळेपासून जपलेलं भिंग काढलं. पुढचा दीड तास ती उठली नाही.

भिंगातून जे दिसलं ते असं. प्रत्येक यक्कोच्या तळाशी मुळाच्या सालीची एक वाटी. आतून कळी फुगत आली, साल फाटली, आणि तिच्या कडा फुलाभोवती राहिल्या. त्यातून खवल्यांच्या जोड्या, एकीवर एक आडव्या-उभ्या. वरच्या जोडीचे खवले खरंच हात पसरल्यासारखे. हुजऱ्याचं नाव इथे एकदम पटलं. खवल्यांच्या बगलेत मध जमलेला, इतका की एकदोन थेंब खाली ओघळले होते.

मधोमध टोपी. पुंकेसर सगळे जुळून एक नळी झालेली, ती स्त्रीकेसरावर टोपीसारखी बसलेली, वरच्या भागात परागांचा पट्टा. "कुंची," आई म्हणाली. "बाळाला घालतात ना, तशी." ही कुंची असेपर्यंत फूल नर. मग आतलं स्त्रीकेसर वाढतं, कुंचीला वर ढकलतं, ती गळून पडते, आणि तेच फूल मादी होतं. एकाच ओळीत तिन्ही अवस्था होत्या. अंड्यासारख्या बंद कळ्या, कुंची घातलेले, आणि कुंची टाकून डोकं चकाकत उभे असलेले. दोघातिघांच्या पायाशी गळालेल्या कुंच्या पडल्या होत्या. स्वतःचेच पराग स्वतःला लागू नयेत म्हणून आधी एक, मग दुसरं. हे आईने पाचशे वेळा फळ्यावर लिहिलं असेल. तरीही तिने मला खांद्याला धरून खाली बसवलं आणि दाखवलं.

एवढ्यात घोंघाट आला. सुझुमेबाची, म्हणजे जपानी गांधीलमाशी, माझ्या अंगठ्याएवढी. शरदात यांच्यामुळे डोंगरवाटा बंद ठेवाव्या लागतात, त्यामुळे मी चार पावलं मागे. आई जागची हलली नाही. माशी एका यक्कोवर उतरली, बगलेत तोंड घालून मध प्यायली, मग शेजाऱ्यावर गेली. आजी हसल्या. याच येतात म्हणाल्या, आपण हललो नाही तर त्या आपल्याकडे बघतही नाहीत. जपानी संशोधकांनी रात्रंदिवस पहारा ठेवून पाहिलं आहे, की गांधीलमाश्यांबरोबर रातकिडे आणि झुरळंही परागांची ने-आण करतात. रानातली झुरळं, घरातली नव्हे. पण हे आईला सांगितल्यावर तिने पहिल्यांदा भिंग खाली ठेवलं.

"याने झाड मरतं का?" तिने आजींना विचारायला सांगितलं.

आजींनी वर बोट दाखवलं. शिईचा पसारा एवढा होता की आभाळ दिसत नव्हतं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हाही झाड एवढंच होतं आणि यक्कोही याच मुळावर येत, असं म्हणाल्या. मेलं तर यालाच राहायला घर नाही. दुष्काळी वर्षी यक्को कमी येतात, असं त्यांचं पाहणं. मुळांवरून माणसं चालली, माती घट्ट झाली, की त्या बाजूला येतच नाहीत. पूर्वी एवढे लोक येत नव्हते, आता फोटोसाठी कॅमेऱ्याचे तिपाई घेऊन येतात, म्हणून त्या सकाळी आधी बूट बघतात. देवळाचं नाव न लिहिण्याचं कारण हे.

"देवराई आहे ही," आई मला म्हणाली. "देवाच्या नावाने कुऱ्हाड लागली नाही म्हणून झाड जुनं झालं, झाड जुनं झालं म्हणून हे आलं." देवराई हा शब्द मी आजींना समजावून सांगितला. त्यांनी मान डोलावली, त्यात नवीन काय, अशी.

निघताना आईने गळालेली एक कुंची उचलून तळहातावर घेतली. वजनच नव्हतं तिला. मला वाटलं रुमालात बांधून घेणार. तिने ती पुन्हा जिथे होती तिथेच, त्याच यक्कोच्या पायाशी ठेवली, आणि पाचोळा आजींनी सरकवला होता तसा परत ओढला. आजींना आम्ही उरलेल्या दोन चकल्या दिल्या. त्यांनी आम्हाला कागदात बांधून भाजलेली शिईची बोंडं दिली. बसमध्ये खाल्ली. चव शिंगाड्याच्या जवळची, जरा गोडसर.

नाहारी स्टेशनवर गाडीला चाळीस मिनिटं होती. आईने बाबांना फोन लावला.

"दिसलं का?"

"दिसलं."

"केवढं?"

"बोटभर."

"आणि वास-बिस?"

"तुम्हाला फोटो पाठवते, बघा."

फोटो आईनेच काढले होते, 41. त्यातले 40 हललेले. एकात मात्र सगळं स्वच्छ आलं होतं. शिईचं मूळ, सालीच्या वाट्या, ओळीतले यक्को, एकाची कुंची अर्धी वर सरकलेली, आणि कडेला, चार बोटांच्या अंतरावर, तिच्या बुटाचं टोक. तो तिने पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. बाबा टाइप करताहेत, थांबले, पुन्हा टाइप करताहेत, असं बराच वेळ चाललं.

मग मेसेज आला. "बूट नवीन घेतलेस का?"